सहा सूत सागवान

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं असा एकच माणूस होता, आणि परवा त्याची तेरवी झाली. मग आता सांगून उपयोग काय, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणतो. तरी शाळा सुटली की मी दौत उघडून बसतो, दोन ओळी लिहितो, त्या खोडतो आणि अंगणात फेऱ्या मारून येतो. आज बसलोच आहे, तर — बघू.

शालिकराम माझा मित्र. पूर्णेच्या काठावरच्या या गावात मी मास्तर म्हणून आलो, त्या पहिल्या आठवड्यापासूनचा. त्याला बोलायला माणूस लागे, मला गप्प बसायला निमित्त लागे. त्यामुळे आमचं जमलं. अंगानं चांगला भरलेला, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. त्यानं गावातली कितीतरी भांडणं मिटवली, स्वतःची विहीर उन्हाळ्यात सगळ्यांना मोकळी ठेवली. पण त्याला पोचवून परत येताना लोकांना काय आठवलं? होडी. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "होडीवाला गेला बाप्पा," आणि रडून लाल झालेली माणसं हसली. मीही हसलो. मी का हसायला नको होतं, ते सांगायचं आहे.

तर होडी.

त्या वर्षी शालिकची बायको, यशोदावहिनी, पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. माहेर नदीपलीकडे — आमच्या घाटावर उभं राहिलं की त्यांच्या मारुतीचा कळस दिसे. उन्हाळ्यात धोतर गुडघ्यावर घेतलं की सासुरवाडी. पावसाळ्यात वरच्या अंगाला एक डोंगा चाले. पण त्या साली पहिल्याच पुरात डोंगा वाहून गेला, आणि नवा दिवाळीशिवाय येत नाही असं कळलं. मूल श्रावणाच्या अखेरीस होणार होतं. गावातली तीनचार माणसं भोपळे बांधून पोहत पलीकडे जाऊन येत, निरोप आणत. शालिकला पोहता येत नव्हतं. आणि आपलं अंग पेलेल असा भोपळा अख्ख्या वऱ्हाडात पिकत नाही, असं तो स्वतःच सांगे.

"पहिलं लेकरू हाय मास्तर माहं," तो म्हणाला, "अन् मी त्याचं तोंड दिवाळीले पाहू काय? तवरिक ते मामालेच बाप समजीन."

मी म्हणालो, दोन महिन्यांचं मूल कुणालाच काही समजत नाही. तो हसला नाही. शालिक हसला नाही, हे मी तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

"तुह्या त्या पुस्तकात होडी हाय ना?" त्यानं विचारलं.

होती. आणि ती मीच त्याला दाखवली होती — कशाला? मिरवायला, दुसरं काय. शाळेसाठी वरून पुस्तकांची पेटी आली होती. तिच्यात घरच्या घरी वस्तू कशा कराव्यात याचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. पाखरांसाठी घर, बर्फावरून घसरायची गाडी आणि दोन माणसांची होडी. बर्फाच्या गाडीचा आम्हाला उपयोग नव्हता. होडीचं चित्र मात्र शालिकनं उन्हाळ्यातच चारदा पाहून घेतलं होतं. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा. म्हणजे ते पुस्तक काय म्हणतं, हे फक्त मला ठाऊक. असा अधिकार मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही.

पुस्तकाला जी फळी हवी होती, ती लाकडाचे तीन पातळ पापुद्रे उभेआडवे एकमेकांवर चिकटवून केलेली. ती कुठे मिळणार? पण शालिक जळगाव जामोदच्या बाजारात गेला आणि किराणावाल्याकडून चहाची मोकळी खोकी गाडीभर घेऊन आला. चहा येतो तो असल्याच फळीच्या खोक्यात! मला सुचलं नव्हतं, त्याला सुचलं. एक फळी त्यानं एका बोटावर तोलून दाखवली. दोन फळ्या एकावर एक धरून वाढयानं पट्टी लावली. आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात, आणि इंचाचे आठ सूत मोजतात. फळ्या दोन सूत भरल्या.

"बोल मास्तर," शालिक म्हणाला, "पुस्तक किती सूत म्हनते?"

इथे मी जरा थांबतो. याच जागेवर मी रोज अडतो आहे.

मी पुस्तक उघडलं, बोट ओळीवर ठेवलं, चष्मा पुसला आणि वाचून दाखवलं — सहा सूत. अस्सल सागवान. चिकट फळी चालणार नाही. वरून कापड चढवायचं ते तरटाचं, तीन थर. आणि ते सगळं राळ घालून उकळलेल्या जवसाच्या तेलात भिजवायचं. हे मी सावकाश, शब्दाशब्दाला थांबत वाचलं. वर्गात वाचतो तसं.

शालिकनं हातातली फळी खाली ठेवली. तोंड उतरलं त्याचं, पण क्षणभरच. "सायबाचं पुस्तक हाय," तो म्हणाला. "त्याले माह्या वजनाचा अंदाज असीन."

आमचा वाढई मात्र खूश झाला. त्यानं जन्मभर बैलगाड्या केल्या होत्या. पातळ लाकूड पाहिलं की त्याला अपमान वाटे. त्याचं म्हणणं, सहा सूत कमीच — आठ करू, म्हणजे नातवंडं वापरतील. मी त्याला सहावर आणलं. पाहा, इतका प्रामाणिक मी होतो.

सागवान कुठून आणायचं? शालिकनं घरातल्या माळ्याच्या फळ्या उपसल्या. वर ठेवलेली मडकी-गाडगी, बी-बियाणं सगळं ओसरीवर आलं. त्याची बहीण वच्छला, ती गावातच दिलेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी येईन तवा घर दिसू दे म्हंजे झालं रे दादा." तो म्हणाला, वहिनी आणायलाच घर मोडतोय.

आणि नको असलेल्या चहाच्या फळ्या? त्यांचं त्यानं कपाट करून घेतलं. माझ्यासाठी, पुस्तकं ठेवायला. एवढं वाचून दाखवायचे कष्ट घेतले म्हणून.

होडीचं काम श्रावणभर चाललं. वाढयाला फक्त गाडी करता येत होती, म्हणून त्यानं गाडीच केली — फक्त चाकं लावली नाहीत. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या. कशाला, विचारलं तर म्हणाला, असतात. पुढचं टोक चित्रात निमुळतं होतं, ते त्याला पटलं नाही. माल कमी बसेल म्हणाला. मग तरट चढवलं — कापसाच्या गठाणींचं. आणि तेल. तरट तेल पीत राहिलं. शालिक घाण्यावरून डबे आणत राहिला, आणि तरट आणखी मागत राहिलं. त्या महिन्यात गावात जवसाच्या तेलाचा थेंब मिळेना. बाया होडीकडे सवतीकडे पाहावं तसं पाहत. पावसाची हवा, वाळायचं नाव नाही. होडीला जो शिवे तो चिकटे. कोंबडीची पिसं, वाळकी पानं, एकदा गावच्या कोतवालाचा पटका. शालिकची दोन धोतरं तिथेच राहिली. ती ओढून काढण्यापेक्षा वरून तेल लावून टाकू असं वाढई म्हणाला, आणि लावलं.

काम चालू असताना शालिक एक वाक्य रोज म्हणे. लोकांनी विचारलं, तुला पोहता येत नाही, बुडालास तर? — की तो माझ्याकडे बोट दाखवी. "मास्तर हाय ना! म्या वल्हवायचं, मास्तरनं पुढं बसून पानी उपसायचं. अमरावतीच्या मोठ्या विहिरीत खालून जाऊन वर निंघे तो. मी पडलो त केसाले धरून काढीन. काऊन मास्तर?"

मी मान हलवी.

मूल झालं. मुलगी. भोपळेवाल्यानं ओल्या कपड्यांनिशी येऊन निरोप सांगितला, आणि शालिकनं त्याला आनंदानं मिठी मारली. मग स्वतःलाच पुसत बसला. बारशाच्या आत पलीकडे जायचं ठरलं. बहिणीला घेऊन जायचं, कारण मुलीच्या कानात नाव सांगणार आत्या. पण आधी मी आणि तो एक खेप करून बघणार. दिवस ठरला.

होडी अंगणातून उचलताना पहिल्यांदा कळलं, की ती उचलत नाही. गावातले सगळे बाप्ये लागले तेव्हा गाडीवर चढली, आणि गाडीचा आख मोडला. वाढयाला हे अपेक्षितच होतं. त्यानं दोन गाड्यांची चाकं काढून थेट होडीलाच लावली. खुंट्या कशाला होत्या, ते तेव्हा समजलं. तीन घरच्या बैलजोड्या आल्या. मिरवणूकच ती. घाटाच्या उतारापर्यंत नीट गेली. मग काळी माती लागली. भिजलेल्या काळ्या मातीत मोकळा माणूस चालला तर पाय उपसताना चप्पल सोडावी लागते. ही तर सहा सूत सागवान, वर तेलानं फुगलेलं तरट. नदीपासून हाकेच्या अंतरावर होडी बसली. ओढली, तर आणखी बसली. खणली, तर खड्ड्यात बसली. चाकं आत गेली, बूड मातीला टेकलं, बैल गुडघ्यावर आले. "हो-हो-हो" करणाऱ्या माणसांनी एकेक करून दोर सोडले. शालिक चिखलात मांड्यांपर्यंत उभा होता. तो नदीकडे बघत नव्हता, होडीकडे बघत होता — आपलं काय चुकलं, ते शोधत असल्यासारखा.

मग पोळा आला; बैलांना कुणी जुंपेना. मग ऊन पडलं आणि भोवतालची माती दगडासारखी झाली.

बारसं थांबत नाही. म्हणून ते नदीवरून झालं. तुम्ही असं बारसं पाहिलं नसेल. मीही पुन्हा पाहिलं नाही. पलीकडच्या काठावर शालिकच्या सासूबाई दुपट्यात गुंडाळलेली मुलगी घेऊन आल्या, बरोबर त्यांच्या गावच्या बाया, घुगऱ्यांचं ताट. अलीकडे वच्छला आणि आमच्या गावच्या बाया. नाव आधी अन्नपूर्णा ठरलं होतं. एवढं लांब नाव पाण्यावरून जायचं नाही म्हणून ऐन वेळी रमा केलं. वच्छलानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि जीव खाऊन ओरडली, "कुर्रर्र — रमा!" तिच्या पाठीत बायांनी धपाधप गुद्दे घातले, आणि पलीकडच्या बायांना गुद्दे घालायला आत्या नव्हती म्हणून त्यांनी सासूबाईंनाच घातले. दोन्ही काठ हसत होते.

शालिकला नीट दिसेना. मग तो होडीत चढला. मातीत रुतलेल्या त्या होडीत, काठावर पाय देऊन, उंच उभा राहिला आणि दोन्ही हात हलवले. पलीकडून सासूबाईंनी दुपटं वर धरलं. एक पांढरा ठिपका. त्यानं खाली न बघता मला विचारलं, "मास्तर, तुले चष्मा हाय, तुले दिसते काय रे? कोनासारखी हाय?"

मी म्हणालो, तुझ्यासारखी.

मला काहीही दिसत नव्हतं.

आता ते सांगतो.

मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं. अमरावतीला शिकत असताना त्या मोठ्या विहिरीच्या पायरीवर बसून मी तांब्यानं अंघोळ करत असे, आणि तीही वरच्या पायरीवर. या गावात आलो त्या आठवड्यात घाटावर माणसं बसली होती, कुणीतरी विचारलं, मास्तर पोहता येते काय? नवं गाव, बारीक माणूस, नाकावर चष्मा — मी म्हणालो, येतं. एवढ्यावर थांबावं की नाही? खालून जाऊन वर निघतो, हेही सांगितलं. त्या दिवसापासून शालिक मला मानायला लागला. माझ्या वाचनाला नव्हे — त्या विहिरीला.

आणि पुस्तकात दोन सूत होतं. नेमकी तीच फळी, चहाच्या खोक्याची, दोन जोडून. पातळ असली तरी पापुद्रे उभेआडवे असतात म्हणून फाटत नाही, असं पुढे समजावूनही दिलं होतं. कापड साधं मांजरपाट, एक थर. माझं बोट त्याच ओळीवर होतं. दोन माणसांनी ती डोक्यावर धरून नदीवर न्यावी, असं शेवटी लिहिलं होतं. ते वाचलं, आणि डोक्यावर होडी घेतलेला शालिक, तिच्या मागे चाललेला मी, मग पुढे बसलेला मी — हे सगळं मला इतकं स्पष्ट दिसलं, की तोंडातून सहा आलं. माझा हिशेब सोपा होता. जड झाली की हलणार नाही. हलली नाही की बसावं लागणार नाही.

कधी कधी मनात येतं — बरंच झालं की. दोघंही बुडालो असतो. मी त्याचा जीवच वाचवला म्हणायचा. पण हे मला फार नंतर सुचलं. त्या दिवशी पुस्तकावर बोट ठेवलं होतं तेव्हा माझ्या डोक्यात शालिक नव्हताच. मी होतो, आणि माझ्या नाकातोंडात जाणारं पाणी. मला येत नाही, एवढं एक वाक्य मी बोललो असतो, तर पुढे बसायला भोपळेवाल्यांपैकी कुणीही आनंदानं आला असता. हलकी होडी आठ दिवसांत झाली असती. शालिक बारशाला पलीकडे असता. त्यानं मुलगी हातात घेतली ती दिवाळीत, आणि ती त्याला पाहून जी रडायला लागली, ती मामानं घेतल्यावरच थांबली. हे तो हसत सांगे. पण दरवर्षी सांगे.

पुढच्या आषाढात काय झालं, तेही सांगायला हवं. वाढयानं आपली चाकं केव्हाच खोलून नेली होती. पूर आला, काठ सोडून वर चढला, आणि आम्ही सगळे टेकाडावरून पाहत असताना पाणी होडीपर्यंत आलं. ती जरा हलली. मग उठली. सगळं तरट, पिसं, पटका आणि दोन धोतरं घेऊन बदकासारखी उठली, एक गिरकी घेतली, आणि तिरपी तिरपी पलीकडे गेली. सहा सूत सागवानही तरंगतं, हे मला तेव्हा कळलं. शालिकच्या सासऱ्यांनी ती खालच्या वळणावरून ओढून आणली आणि तिची गव्हाण केली. अजून तिथे आहे; जावयाची होडी म्हणतात. शालिक म्हणे, "बायको इकडं आली अन् होडी माहेराले गेली."

लोक हसत गेले, तोही हसत गेला. पण होडीवाला हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. माझं नाव कुणी घेतलं नाही. मास्तरांनी तर पुस्तकातलं वाचून दाखवलं होतं.

परवा तेरवीला रमा आली होती, धाडच्या सासरहून, दोन लेकरांना घेऊन. जेवणं उठल्यावर ती माझ्याजवळ ओसरीवर बसली. म्हणाली, "मास्तरकाका, बाबा अंथरुनावर होते तवा मी त्यायले चिडवलं, म्हटलं तुमची होडी काऊन रुतली हो? त म्हने, मास्तरनं बरोबर वाचलं होतं व रमे. मीच येड्यावानी तरटाले तेल पाजत गेलो. मास्तरले कोनी दोष नोका देऊ." मग डोळे पुसून, थोडं हसून तिनं विचारलं, "खरंच काय हो काका? तेलानंच जड झाली होती?"

ओसरीवर आम्ही दोघंच होतो. ती माझ्याकडे बघत होती, अगदी त्याच्यासारखी. तो आता नव्हता, पोहायला कुणी सांगत नव्हतं, नदी आटलेली होती.

मी म्हणालो, "हो. तेल जरा जास्तच झालं होतं."

चहाच्या फळ्यांचं ते कपाट माझ्यासमोर आहे. इतकी वर्षं माझे सगळे जाड कोश त्याच्यावर आहेत. कुठेही वाकलेलं नाही.

दोन सूत होतं. कापडाचा एक थर. मला पोहता येत नाही.